उंट बांधायचा कुणी?

गेल्या वर्षी आमच्या चाचांची मय्यत झाली. कब्रस्तानातून परतताना नेहमीप्रमाणे लोकांचे लहान लहान घोळके झाले. पुढे चाललेले एक बुजुर्ग म्हणाले, "वक्त आला होता. त्याच्यापुढे कोण काय करणार?" मागून औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण येत होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "पण वर्षभर आधी दाखवलं असतं तर?" बुजुर्गांनी मागे वळून पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. आम्ही या दोघांच्या मधोमध चालत होतो आणि खरे सांगायचे तर दोघांचेही म्हणणे आम्हाला पटत होते. एकाच वेळी दोन्ही कसे पटते, या प्रश्नाने त्या दिवसापासून आमची पाठ धरली आहे. हा लेख त्यातूनच आला आहे.

चाचांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. मोहल्ल्यात मात्र 'पोटाचा आजार' एवढेच सांगितले गेले. शौचावाटे रक्त जात होते, ते त्यांनी दीड वर्ष मूळव्याध म्हणून अंगावर काढले. कुणी सांगितले म्हणून चूर्ण घेतले, तिखट सोडले, काही दिवस बरे वाटले की पुन्हा दुकानात बसले. चाचीलासुद्धा त्यांनी सांगितले नाही. सांगायचे तरी कसे? आमच्या घरांत शरीराच्या काही भागांची नावे मोठ्याने घ्यायची नसतात आणि त्या भागांचे आजारही तसेच बिननावाचे राहतात. शेवटी वजन उतरले, चेहरा पिवळट झाला, तेव्हा मुलांनी जबरदस्तीने शहरातल्या इस्पितळात नेले. तोवर रोग यकृतापर्यंत पोचला होता.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. चाचांचे जे झाले ते लक्षण लपवल्यामुळे झाले. रक्त दिसत असताना डॉक्टरकडे जावे की नाही, हा नैतिक प्रश्नच नाही. जावे, इतके सरळ उत्तर आहे. कठीण प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्याला काहीच होत नाही, जो पाच वेळा मशिदीच्या पायऱ्या चढतो, पोटभर जेवतो आणि शांत झोपतो, अशा धडधाकट माणसाच्या दारावर थाप मारून "तुझ्या पोटात काही दडले आहे का ते पाहू दे" असे म्हणावे काय? आणि म्हटले, तर म्हणणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते? इंग्रजीत ज्याला स्क्रीनिंग म्हणतात, त्या निरोग्यांच्या तपासणीचा हा प्रश्न आहे. जगात अन्नमार्गाच्या कर्करोगांसाठी अशा मोहिमा अनेक देशांत चालतात. २०२२ या एका वर्षात जगभर मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू असा अंदाज आहे. जठराच्या कर्करोगाने त्याच वर्षी सुमारे साडेसहा लाख माणसे नेली. तेव्हा विषय लहान नाही.

बुजुर्गांचे म्हणणे आधी घेऊ, कारण ते सहज उडवून लावण्यासारखे नाही. आमच्यातले शिकलेले लोक तवक्कुलचा विषय निघाला की लगेच उंटाची गोष्ट सांगतात. एका बदूने रसूलुल्लाहना (स.) विचारले की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? त्यांनी आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. तिरमिजींच्या संग्रहात ही हदीस आहे. दुसरा दाखला अमवासच्या प्लेगचा. इसवी ६३९ च्या सुमारास हजरत उमर (र.) शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली आणि सल्लामसलत करून त्यांनी परतायचे ठरवले. हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले की, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता आहात काय? उमरांच्या उत्तराचा आशय असा की, एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडेच आपण चाललो आहोत. हा प्रसंग आम्ही नेहमी इथेच थांबवतो. पण त्याची पुढची बाजूही आहे. तेच अबू उबैदा आपल्या फौजेबरोबर तिथेच राहिले आणि त्याच प्लेगमध्ये गेले. मुसलमानांनी दोघांनाही आदराने स्मरणात ठेवले. म्हणजे आमच्या परंपरेत सावध माणसाला मान आहे आणि जे आले ते शांतपणे स्वीकारणाऱ्यालाही मान आहे. ज्याला तपासून घ्यायचे नाही तो प्रत्येक वेळी अडाणीच असतो, असे समजण्याचा अधिकार आम्हाला नाही.

शिवाय उंटाच्या दाखल्यात एक फट आहे. उंट सुटला तर पळणार, हे बदूला माहीत होते. निरोगी माणसाच्या बाबतीत तसे नसते. शंभरातल्या नव्वदाहून अधिक लोकांचा हा उंट कधीच पळणार नसतो. दोरी मात्र सगळ्यांनाच लावायची असते. आणि दोरीने कधी कधी मान कापते.

आकडे पाहू. शौचात डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधण्याच्या चाचणीचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झाला. ५० ते ८० वयाच्या ४६,५५१ लोकांवरच्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. १३ वर्षांच्या काळात, ज्यांची अशी तपासणी केली नाही त्यांच्यात या कर्करोगाने हजारी सुमारे नऊ माणसे गेली. दरवर्षी तपासणी देऊ केलेल्यांच्यात हजारी सुमारे सहा गेली. मृत्यू एक तृतीयांशाने घटले, ही मोठी गोष्ट आहे. पण हेच दुसऱ्या बाजूने वाचले तर हजारातले तीन वाचले, आणि उरलेल्या ९९७ जणांना या रोगाच्या मृत्यूपुरता फरक पडला नाही. त्यांतल्या अनेकांना मात्र खोटी धास्ती, पुढच्या तपासण्या आणि आतड्यात नळी घालून पाहण्याचा त्रास सोसावा लागला.

अलीकडचा प्रयोग पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधला आहे. त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तिथे थेट दुर्बिणीच्या तपासणीसाठी, म्हणजे कोलोनोस्कोपीसाठी, लोकांना बोलावणे पाठवले. बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले. बोलावणे न गेलेल्या गटात दहा वर्षांत १.२० टक्के लोकांना हा कर्करोग झाला, बोलावलेल्या गटात ०.९८ टक्के लोकांना. एक कर्करोग टाळण्यासाठी ४५५ माणसांना बोलवावे लागले. मृत्यूंमधला फरक तर इतका थोडा निघाला की तो खात्रीने सांगता येईना. जे आले नाहीत त्यांच्यामुळे एकूण फायदा कमी दिसला, हे खरे आहे. पण लोक येत नाहीत, हीसुद्धा मोहिमेचीच वस्तुस्थिती आहे, ती हिशेबातून वगळता येत नाही.

जेफ्री रोज नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात हा पेच नेमक्या शब्दांत मांडला होता. जो उपाय समाजाला मोठा फायदा देतो, तो त्यातल्या एकेका माणसाला मात्र फारसे काही देत नाही, असा त्याचा आशय. समाजाचे तीन जीव वाचतात ते खरेखुरे वाचतात. पण ते तीन कोण, हे कुणालाच कधी कळत नाही. वाचलेल्यालाही कळत नाही की आपण वाचलो.

आणखी एक फसवा हिशेब आहे. दोन भाऊ आहेत असे समजा. दोघांनाही एकच रोग एकाच वेळी लागला. एकाला तपासणीमुळे २०१० मध्ये कळले, दुसऱ्याला त्रास सुरू झाल्यावर २०१३ मध्ये. दोघेही २०१५ मध्ये वारले. कागदावर पहिला भाऊ रोग कळल्यानंतर पाच वर्षे जगला आणि दुसरा दोन वर्षे. जाहिरात करणारा म्हणेल, पाहा, लवकर शोधल्याने आयुष्य वाढले. आयुष्य एक दिवसानेही वाढलेले नाही, फक्त धास्तीची तीन वर्षे वाढली. म्हणूनच 'कळल्यानंतर किती जगले' हे माप या बाबतीत चालत नाही, गावातले मृत्यू घटले की नाही हेच विचारावे लागते.

पण या पहिल्या भावाजवळ आम्ही जरा थांबलो. त्याची ती तीन वर्षे खरेच वाया गेली काय? आमच्याकडे मरणाची आठवण ठेवणे ही चांगली गोष्ट मानली जाते. ज्याला आधी कळले त्याला कर्ज फेडता येते, वसियत करता येते, ज्यांचे मन दुखावले त्यांच्याकडे जाऊन माफी मागता येते. चाचांना यातले काहीच जमले नाही. शेवटचे तीन महिने ग्लानीत गेले आणि दुकानाच्या उधारीची वही अजून कुणाला लागत नाही. तर मग कळणे हा एक प्रकारचा नफाच नाही काय? आम्हाला वाटते, काहींना तो नफा आहे आणि काहींना तो शिक्षेसारखा आहे. ज्याचा त्याने ठरवावा असा हा भाग आहे. दुसऱ्याने त्याच्या वतीने ठरवणे बरोबर नाही. म्हणून तपासणीला बोलावणाऱ्याने फायदा आणि तोटा दोन्ही सांगितले पाहिजेत. 'तपासणी करा, जीव वाचवा' अशा पाट्यांवर अर्धेच सत्य लिहिलेले असते. अर्धे सत्य सांगून मिळवलेली संमती ही संमती नव्हे. आमच्याकडे बाजारातसुद्धा मालातला दोष लपवून केलेला सौदा चालत नाही, मग शरीराच्या बाबतीत तो कसा चालेल?

इथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल, म्हणजे तुम्ही बुजुर्गांच्या बाजूला गेलात. तसे नाही. हजारात तीन म्हणजे थोडे, असे कोण म्हणणार? त्या तिघांपैकी एक आपल्या घरातला असता तर? आमचे म्हणणे एवढेच आहे की, 'हे माझ्या फायद्याचे आहे काय' हा प्रश्न एकट्या माणसाला विचारून इथे उत्तर सापडत नाही. प्रश्न एकट्याचा नाहीच.

फिकहमध्ये फर्जचे दोन प्रकार आहेत, हे वाचकांना ठाऊक आहे. नमाज, रोजा हे फर्ज-ए-ऐन, ज्याचे त्याने करायचे. फर्ज-ए-किफाया म्हणजे जे साऱ्या वस्तीवर असते. काहींनी केले तर सगळे सुटतात, कुणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार ठरतात. जनाजाची नमाज ही फर्ज-ए-किफाया आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या'मध्ये वैद्यकालाही फर्ज-ए-किफाया म्हटले आहे. आपल्या काळात कित्येक शहरांत मुसलमान वैद्य सापडत नाही आणि लोक मात्र वादविवादाच्या विद्येकडे गर्दी करतात, अशी त्यांची तक्रार होती. हे वाचले तेव्हा आम्हाला चाचांचा जनाजा आठवला. त्या दिवशी सारा मोहल्ला आला होता. खांदा द्यायला रांग लागली होती. एका फर्ज-ए-किफायासाठी आम्ही शेकड्यांनी जमलो. दुसऱ्या फर्ज-ए-किफायासाठी, त्याआधीच्या दीड वर्षात, त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत आमच्यातला एकही गेला नव्हता.

आमच्या मते निरोग्यांची तपासणी याच खात्यात बसते. एकेका माणसाने तपासून घेणे हे ऐच्छिक असावे. पण ज्यांना हवी त्यांना ती नीट, खरी आणि शेवटपर्यंत मिळेल अशी व्यवस्था उभी करणे हे साऱ्या समाजावर, सरकारवर आणि आमच्या जमातींवर आहे. उंट ज्याचा त्याने बांधावा, पण दोरी आणि खुंटी गावाने द्यावी.

ही व्यवस्था कशी असावी, यावर विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी दहा तत्त्वे लिहिली होती. आज अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी ती शिळी झालेली नाहीत. त्यांतली तीन आम्हाला नीतीच्या दृष्टीने फार मोलाची वाटतात. रोग सापडला तर त्यावर मान्य उपचार असला पाहिजे आणि तो देण्याची सोय असली पाहिजे. चाचणी लोकांना पटेल, सोसवेल अशी असली पाहिजे. आणि शोध हा सततचा असला पाहिजे, एकदाच करून विसरण्याचा नव्हे. या तिसऱ्या तत्त्वापुढे आमच्याकडची शिबिरे उभी करून पाहा. मंडप, बॅनर, हारतुरे, पाहुण्यांची भाषणे, दुपारी बिर्याणी, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या कागदावर लाल खूण आली त्याने जायचे कुठे, हे सांगायला कुणी नाही.

चाचांच्या आजारामुळे आम्ही आतड्याविषयी एवढे बोललो. पण आमच्या मुलखात अन्नमार्गाचा सर्वांत मोठा धोका आतड्यात नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी आहे. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग जास्त, मिझोराममध्ये जठराचा जास्त. आमचा धोका अन्नमार्गाच्या पहिल्या दरवाजातच आहे, तोंडात. वैद्यकाच्या नोंदवहीत तोंडाचा रकाना वेगळा असतो, पण घास तर तिथूनच आत जातो. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात धरलेली तंबाखू, विदर्भातला खर्रा, नगर-सोलापूरकडचा मावा, आणि घराघरांत बायका दातांना लावतात ती मिश्री. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी मिळते, हे सर्वांना माहीत आहे. दारू हराम आहे हे आमच्या मुलांना पाळण्यातच कळते. तंबाखू मकरूह की हराम, यावर मात्र आमची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि चर्चा करणाऱ्यांच्या गालातही कधी कधी ती असते.

तोंडाच्या बाबतीत पुरावा आपल्याच देशातला आहे. केरळमध्ये तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांचे तोंड उजेडात तपासत. ना सुई, ना यंत्र. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सवय नसलेल्यांसह साऱ्या लोकसंख्येचा हिशेब केला तेव्हा फरक इतका खात्रीचा निघाला नाही. यातून शहाणपणाची गोष्ट कळते ती अशी की, सरसकट साऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्याकडे आधी जावे. त्रास थोड्यांना आणि फायदा खरा.

पण याच प्रयोगातला दुसरा आकडा आम्हाला जास्त अस्वस्थ करतो. तपासणीत संशय आला म्हणून ५,१४५ जणांना पुढे डॉक्टरकडे जायला सांगितले. त्यांतले ३,२१८ गेले. म्हणजे शंभरातले ६३. बाकीचे ३७ गेलेच नाहीत. केरळात, जिथे साक्षरता आणि दवाखाने दोन्ही आपल्यापेक्षा बरे, तिथली ही गोष्ट. का गेले नसतील? रोजंदारी बुडते. बसभाडे लागते. बाईला एकटे जाता येत नाही. भीती वाटते. 'दुखत तर नाही' असे वाटते. यातले एकही कारण मूर्खपणाचे नाही. जी मोहीम माणसाच्या हातात चिठ्ठी देते आणि बसभाडे देत नाही, तिने त्याला धास्ती तेवढी दिली. अमानत म्हणून एखाद्याची बातमी आपल्याकडे आली आणि ती आपण वाऱ्यावर सोडली, तर त्याला खयानत म्हणतात.

भारत सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मोठे आतडे त्यात नाही, आणि आपल्याकडचे प्रमाण पाहता ते योग्यच आहे. कागद चांगला आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी तोंडाची तपासणी कधी तरी झालेल्या ०.९ टक्के आणि पुरुषांपैकी १.२ टक्के निघाले. शंभरात एक. सच्चर समितीने २००६ मध्येच मुस्लिमबहुल गावांतल्या आरोग्यसेवांच्या उणिवेकडे बोट दाखवले होते. तेव्हा आमच्या वस्त्यांत आकडा याहून बरा असेल असे समजायला काही आधार नाही.

आता हयाचा प्रश्न. इंग्लंडमध्ये २००६ पासून आतड्याच्या कर्करोगासाठी घरपोच पाकीट पाठवतात. घरीच शौचाचा नमुना घेऊन टपालाने परत पाठवायचा. मोफत होते, सोपे होते, तरी भारतीय उपखंडातून गेलेल्या समाजांत, विशेषतः मुसलमानांत, पाकीट परत पाठवणारे इतरांच्या मानाने फार कमी निघाले. भाषा हे एक कारण होतेच. पण नजासत, तहारत, स्वयंपाकघराच्या घरात असली वस्तू ठेवायची ही किळस, हेही होते. या किळसेला हसण्यात अर्थ नाही. इतर समाजांतही ती आहे, आमच्याकडे तिला धर्माचे शब्द आहेत एवढेच. जुन्या चाचणीत तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने लागत. २०१९ पासून तिथे नवी चाचणी आली. तिच्यात एकदाच, एका काडीच्या टोकाने, हात न लावता नमुना घेता येतो, आणि चाचणी सोपी झाल्यावर प्रतिसाद वाढला. लोकांना व्याख्याने देण्याऐवजी चाचणी माणसाळवली, हे आम्हाला फार शिकण्यासारखे वाटते.

स्त्रियांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जरूरत असेल तर मनाई उठते, हा फिकहचा कायदा सर्वांना माहीत आहे. म्हणून आजारी बाईला पुरुष डॉक्टरने तपासले तर कुणी हरकत घेत नाही. पण जिला काहीच झालेले नाही, तिच्या बाबतीत ती जरूरत आहे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे शास्त्रोक्त उत्तर उलेमांनी द्यावे. आम्हाला एवढेच कळते की, जिथे तोंड पाहायला आशाताई येते आणि दुर्बीण हाताळायला स्त्री डॉक्टर असते, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. मुलीला डॉक्टर व्हायला पाठवायचे नाही आणि मग बायकोला पुरुष डॉक्टर नको म्हणायचे, यात दोष हयाचा नाही.

आणखी एक उदाहरण. कोरियाने १९९९ पासून सरकारी कर्करोग तपासणी सुरू केली ती गरिबांपासून, आणि मग ती हळूहळू वर वाढवत नेली. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी. तिथे जठराचा कर्करोग फार, म्हणून तिथे ते शोभते. आपण ते जसेच्या तसे उचलावे असे नाही. उचलायचे ते एवढेच की, आपल्या मुलखातला रोग कोणता ते आधी पाहावे आणि सुरुवात ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्यापासून करावी. आपल्याकडे याच्या उलटे चालते. पैसेवाल्याला खाजगी इस्पितळाचे 'संपूर्ण तपासणी'चे पॅकेज मिळते, ज्यातल्या निम्म्या चाचण्यांची त्याला गरज नसते, आणि मागावरच्या कामगाराच्या गालातला पांढरा चट्टा पाहायला कुणी बॅटरी धरत नाही.

मग आमच्या हातात काय आहे? फार मोठे नाही, पण काही आहे. दरवर्षी आपल्या राज्यातून हजारो लोक हजला जातात आणि त्यांना वैद्यकीय दाखला लागतो. त्यात बहुतेक पन्नाशी-साठीचे असतात. त्या वेळी 'आ' करून तोंड पाहायला दोन मिनिटे पुरतील. दुसरे म्हणजे जकात. गरीब रुग्णाच्या उपचाराला जकात देणारे पुष्कळ आहेत, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांची सोयही आहे. पण संशयाची चिठ्ठी हातात पडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जे बसभाडे लागते, जी रोजी बुडते, जो माणूस सोबत लागतो, त्याचा खर्च कुणी धरत नाही. शंभरातले ते ३७ नेमके याच वाटेवर गळतात. जमातीने एवढी एकच वाट धरून ठेवली तरी पुष्कळ झाले. तिसरे, जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी हे शब्द स्पष्ट उच्चारले जावेत: तोंडातला न भरणारा व्रण, गिळताना अडकणारा घास, शौचातले रक्त. मिंबरवरून तहारतीचे बारीक मसले निःसंकोच सांगता येतात, तर हेही सांगता येईल.

आणि तपासून घेण्याच्याही आधीची गोष्ट विसरू नये. इराणच्या गुलिस्तान प्रांतात, कास्पियन समुद्राच्या बाजूला, अन्ननलिकेचा कर्करोग फार. २००४ पासून तिथे सुमारे ५०,००० लोकांच्या राहणीची नोंद घेत संशोधन चालले आहे. त्यातले बहुसंख्य तुर्कमेन मुसलमान आहेत. तिथे आढळले की कढत चहा आणि अफू यांचा या रोगाशी संबंध आहे. चहा थोडा निवू द्यावा, यासाठी कोणतीही मोहीम लागत नाही. आमच्यासाठी गालातली गोळी थुंकणे हे त्याच जातीचे काम आहे. जो रोग झालाच नाही तो शोधावा लागत नाही.

कब्रस्तानच्या वाटेवरच्या त्या दोघांकडे परत येऊ. बुजुर्ग म्हणाले ते चाचांच्या मरणाविषयी होते आणि त्याविषयी ते खरेच होते. जे झाले त्याला 'तर' लावून दुःख वाढवू नये, हे आमच्या दीनने शिकवले आहे. तरुण म्हणाला ते मात्र पुढच्या माणसाविषयी होते आणि त्याविषयी तोही खरा होता. सबुरी झालेल्या गोष्टीसाठी असते, तजवीज व्हायच्या गोष्टीसाठी. आम्ही या दोन्हींची अदलाबदल करतो, तिथे घोळ होतो.

आणि इथे पुढचा माणूस दूरचा नाही. आतड्याच्या कर्करोगाने गेलेल्याची भावंडे आणि मुले यांना इतरांपेक्षा धोका जास्त असतो, त्यांनी लवकर, चाळिशीच्या सुमारास किंवा त्याहीआधी, तपासून घ्यावे असा वैद्यकाचा सल्ला आहे. वर मांडलेला हजारात तीनचा हिशेब त्यांना तसाच लागू होत नाही. इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी चाचांच्या मुलांना हे सांगितले होते. चाळिसाव्यापर्यंत आमच्या तोंडून तो विषय निघाला नाही. नंतर एके दिवशी चाचीनेच विचारले. इद्दतीत होती, आतल्या खोलीत बसून होती. मोठ्या मुलाला आत बोलावले आणि म्हणाली, "अब्बांनी मला सांगितलं नाही. तू सांग. डॉक्टरनं बोलावलं होतं, गेलास का?" तो म्हणाला, दुकानाचा हिशेब लागू दे, मग जातो. चाची म्हणाली, "हिशेब मी बघते."

तो त्याच आठवड्यात गेला. धाकटा अजून गेलेला नाही. आमचे अब्बा, चाचांचे मोठे भाऊ, पंचाहत्तरी ओलांडली आहे, ते म्हणाले की मला आता नको, आणि डॉक्टरांनीही या वयात जोर केला नाही. आम्ही दोघांनाही समजून घेण्याचा प्रयत्न करतो. पण धाकट्याला मात्र येत्या सोमवारी घेऊन जायचे ठरवले आहे. गाडीभाडे आमचे, आणि सोबत आम्ही.